थर बदलतो ती जागा
(प्रस्तावना)

ऑगस्ट २०२३ मध्ये उच्च न्यायालयाच्या खंडपीठाच्या आदेशाने कन्नडचा औट्रम घाट जड वाहनांसाठी बंद झाला. सोलापूर-धुळे महामार्गावरचे ट्रक आणि कंटेनर दौलताबाद टी पॉइंटवरून कसाबखेड्याकडे वळले आणि देवगाव रंगारी, शिऊर बंगला अशा वाटेने चाळीसगावकडे जाऊ लागले. घाट चढता-उतरता येत नाही म्हणून डोंगराला वळसा घालणारी ही वाहतूक आमच्या गावातून, देवगाव रंगारीतून, जाते. गाव मध्ये आल्यामुळे बोगद्याचा विषय इथे प्रत्येक हॉटेलच्या बाकावर आला. त्या गप्पांतला ठरलेला प्रश्न असा: मुंबईत समुद्राखालून रस्ता जातो, मग आमच्या घाटाखालून का जात नाही?

प्रश्न रास्त आहे आणि जुनाही आहे. ३१ ऑगस्ट २०२१ रोजी अतिवृष्टीत दरडी कोसळून घाट बंद पडला, तेव्हाही तो विचारला गेला होता. त्याचं एक उत्तर पैशात आहे, दुसरं गौताळा-औट्रमघाट अभयारण्यात आहे आणि तिसरं फायलींमध्ये आहे. त्या तिन्हींवर बोलणारे पुष्कळ आहेत. चौथं उत्तर जमिनीत आहे, आणि त्याच्याबद्दल मराठीत फार कमी लिहिलं गेलं आहे. हे पुस्तक त्या चौथ्या उत्तराचं आहे. त्यातली उदाहरणं मुख्यतः शहरांखालच्या महामार्गांची, त्यातही मुंबईची आहेत, कारण वर माणसं, इमारती आणि पाण्याच्या वाहिन्या असताना खाली खणणं हा या विद्येतला सर्वांत कठीण पेपर आहे. तरीही त्याची प्रस्तावना देवगाव रंगारीत बसून लिहिताना मला संकोच वाटत नाही. मलबार हिलच्या पोटातला दगड आणि आमच्या विहिरींतला दगड एकाच कुळातले आहेत. फरक आहेत, ते पुढे येतीलच.

आमच्याकडे विहीर खणणारा माणूस भूगर्भशास्त्र शिकलेला नसतो, पण त्याची परिभाषा पक्की असते. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, मग कातळ, मग मांजऱ्या, कुठे गेरूसारखा तांबडा पट्टा आणि त्याखाली पुन्हा काळा पाषाण. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे लोंढे एकावर एक पसरत गेले त्याची ही उतरंड आहे. प्रत्येक लोंढ्याचा माथा बुडबुड्यांमुळे सच्छिद्र झाला, तोच मांजऱ्या, आणि पोट सावकाश थंड होऊन घट्ट बसलं. पुढचा लोंढा येईपर्यंत मधे जो काळ गेला त्यात माथा कुजला, काही ठिकाणी त्याची तांबडी माती झाली. त्या मातीवर नवा लाव्हा आला आणि ती भाजून बंद झाली. विहिरीला पाणी लागतं ते बहुधा या सांध्याला किंवा भेगांना. सलग काळ्या पाषाणात कितीही खाली गेलं तरी सुरुंगाचा खर्च वाढतो, पाणी वाढत नाही.

बोगद्याची गोष्ट इथेच सुरू होते. विहीरवाला ज्या सांध्याची वाट पाहतो, त्याच सांध्याला बोगदेवाला धसकतो. कठीण दगडाची भीती लोकांना वाटते, अभियंत्यांना फारशी वाटत नाही. कठीण दगड म्हणजे वेळ आणि झिजलेली पाती. त्याचा हिशेब आधी मांडता येतो. मऊ मातीचाही मांडता येतो. हिशेब चुकतो तो थर बदलतो त्या जागी, आणि ही जागा नकाशावर दाखवलेल्या ठिकाणी असतेच असं नाही. या पुस्तकातली बहुतेक प्रकरणं कुठूनही वाचायला घेतली तरी शेवटी या जागेपाशी येतात.

आमच्या परिसरात दगडात शिरण्याची परंपरा दीर्घ आहे, आणि तिच्याबद्दल अभिमानाने बोलताना आपण एक गोष्ट विसरतो. वेरूळचं कैलास लेणं आठव्या शतकात, राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळातलं मानलं जातं. ते वरून खाली कोरलं गेलं. म्हणजे कारागिरांना प्रत्येक टप्प्यावर पुढचा दगड उघड्या आभाळाखाली दिसत होता. भेग दिसली तर तिथे नक्षी बदलता येत होती, तांबडा पट्टा दिसला तर खांब दुसरीकडे घेता येत होता. देवगिरीच्या किल्ल्यातली अंधारी खडकाच्या पोटातून वर जाते, पण ती माणसाच्या उंचीची वाट आहे. एवढ्या लहान वाटेचं छत दगड स्वतःच तोलून धरतो. रुंदी वाढली की छतावरचा भार आणि त्यात एखादी भेग सापडण्याची शक्यता दोन्ही वाढतात. तीन पदरी रस्त्याच्या बोगद्याला लेण्यांचा दाखला देणारी भाषणं मी ऐकली आहेत. मला ती गोड वाटतात, पण पटत नाहीत.

शहरी बोगद्याचा खरा पूर्वज मला संभाजीनगरच्या नहरींत दिसतो. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला मलिक अंबरने खडकी, म्हणजे आजचं संभाजीनगर, वसवली, तेव्हा शहराला पाणी देण्यासाठी जमिनीखालून नहर-ए-अंबरी आणली. उताराने वाहणारं पाणी, बांधीव भुयारं आणि अधूनमधून आत उतरून साफ करता येतील अशी तोंडं. या कामात केवळ खणणं नव्हतं. वर शहर वाढणार, खाली पाणी वाहणार आणि कुणीतरी अधूनमधून आत उतरून गाळ काढणार, हे आधी धरून केलेली ती रचना होती. पुढे वर घरं झाली, पाया खणले गेले, आणि काही भुयारं कुठून जातात हेच लोक विसरले. शहराखालच्या कोणत्याही बांधकामाच्या नशिबी हा विसर असतो. त्याचं आजचं उदाहरण पुढे देतो.

आता मुंबई. मुंबईचा दगड दख्खनच्या लाव्हाचा असला तरी तो या ज्वालामुखी काळाच्या शेवटाकडचा आहे, आणि तिथे लाव्हा बऱ्याचदा पाण्यात उतरला. लाव्हा आणि पाणी भेटले की दगड फुटतो, चुरा होतो आणि तो चुरा पुन्हा सांधला जातो. त्यातून ब्रेशिया आणि टफ असे खडक झाले. लोंढ्यांच्या मधल्या काळात तळी आणि पाणथळ जागा होत्या. त्यांच्या तळाच्या चिखलाचा शेल झाला. या चिखलात बेडूक राहत होते. मुंबईच्या या थरांतल्या चिमुकल्या बेडकाच्या जीवाश्माचं वर्णन रिचर्ड ओवेन यांनी १८४७ मध्ये केलं. बेडकाचा जीवाश्म ही अभ्यासकाला आनंदाची गोष्ट आहे. बोगद्याच्या अभियंत्याला तो सांगतो की इथे दोन कातळांच्या मधे पापुद्र्यांचा, पाण्याने मऊ होणारा थर आहे.

दुसरा फरक उताराचा आहे. मराठवाड्यातले थर जवळजवळ आडवे आहेत, मुंबईचे पश्चिमेकडे कललेले. कागदावर हा फरक किरकोळ दिसतो, पण त्याने सगळं बदलतं. थर कललेले असतील तर जवळपास सपाट जाणारा बोगदा एकामागून एक थर छेदत जातो. सांधे वारंवार येतात, पण लवकर मागेही पडतात. थर आडवे असतील तर बोगदा एकाच लोंढ्यात दूरवर सुखाने जाऊ शकतो. मात्र आखणी दोन-तीन मीटरनी चुकली आणि तांबडा पट्टा नेमका छताला आला, तर तो शेकडो मीटर डोक्यावरच राहतो. औट्रम घाटात उद्या बोगदा झाला तर त्याची उंची ठरवताना हा प्रश्न सुटला पाहिजे. मुंबईतल्या अनुभवाचं आंधळं अनुकरण तिथे उपयोगी पडणार नाही.

मुंबई किनारी रस्त्याचा बोगदा प्रियदर्शिनी पार्कपासून गिरगावच्या छोट्या चौपाटीपर्यंत आहे. दोन नळ्या, प्रत्येकी सुमारे २.०७ किलोमीटर. समुद्राखालचा बोगदा म्हणून तो ओळखला जातो आणि एका टोकाला तसा तो आहेही, पण त्याचा सर्वांत खोल भाग मलबार हिलच्या खाली, सुमारे ७० मीटरवर आहे. महापालिकेच्या या कामासाठी आणलेल्या यंत्राचं नाव ‘मावळा’. व्यास १२.१९ मीटर, म्हणजे चार मजली इमारत आडवी पाडून तिला पुढे ढकलावं एवढा त्याचा आवाका. ११ जानेवारी २०२१ रोजी मावळा प्रियदर्शिनी पार्कहून निघाला आणि १० जानेवारी २०२२ रोजी गिरगावला बाहेर पडला. मग त्याला वळवून परतीच्या नळीसाठी सज्ज केलं गेलं. परतीचा प्रवास एप्रिल २०२२ मध्ये सुरू झाला आणि ३० मे २०२३ रोजी संपला.

या तारखांकडे नीट पाहा. तेच यंत्र, तोच डोंगर, शेजारची वाट, आणि पहिल्या फेरीतून जमिनीची ओळख झालेली. तरी दुसऱ्या फेरीला वेळ जास्त लागला, कारण यंत्र मधेच बिघडून काही काळ काम ठप्प झालं. शेजारून एकदा गेलो म्हणजे वाट सोपी झाली, हा समज खणणाऱ्यांना लवकर सोडावा लागतो.

यंत्राचं काम कसं चालतं याची सविस्तर माहिती पुढे आहे. इथे तोंडओळख करून देतो, कारण ‘यंत्र दगड कापत पुढे जातं’ एवढंच डोक्यात असेल तर पुढचं काही समजणार नाही. यंत्राच्या तोंडाशी फिरणारी चकती असते, तिच्यावर पोलादी चाकांसारखे कटर बसवलेले असतात. ते दगडाला कापत नाहीत. प्रचंड दाबाने चेपत फिरतात, त्यामुळे दोन फेऱ्यांच्या मधला दगड चिपा होऊन सुटतो. मावळा हे स्लरी जातीचं यंत्र. त्याच्या तोंडापुढच्या पोकळीत बेंटोनाइट मातीचं दाट पाणी दाबाखाली भरलेलं असतं. त्याची कामं दोन. समोरची जमीन आणि तिच्यातलं पाणी आत घुसू न देणं हे पहिलं. सुटलेला चुरा, ज्याला साइटवर सगळे मक म्हणतात, नळांतून बाहेर वाहून नेणं हे दुसरं. बाहेर तो चुरा वेगळा काढतात आणि पाणी पुन्हा आत पाठवतात. यंत्र थोडं पुढे सरकलं की त्याच्या शेपटीत काँक्रीटचे तयार तुकडे जोडून एक कडं पूर्ण करतात. त्याच कड्यावर रेटा देऊन यंत्र पुन्हा पुढे जातं. कडं आणि खणलेली जमीन यांच्यात उरलेली फट ताबडतोब ग्राउटने, म्हणजे सिमेंटच्या पातळ मिश्रणाने, भरावी लागते. ती भरली नाही, उशिरा भरली किंवा कमी भरली, तर वरची जमीन खाली येऊन ती फट भरते.

या सगळ्यातला कळीचा आकडा म्हणजे तोंडाशी ठेवायचा दाब. दाब कमी पडला तर जमीन आत येते आणि वर खड्डा पडतो. जास्त झाला तर बेंटोनाइट भेगांतून वर निघून जातं, आणि माथ्यावर माती कमी असेल तर रस्ता फुगतो. सलग कातळात या दाबाला फार महत्त्व नसतं, कातळ स्वतः उभा राहतो. सलग मातीत तो गणिताने ठरतो. पण तोंडाच्या वरच्या अर्ध्या भागात कुजलेला मांजऱ्या आणि खालच्या अर्ध्यात काळा पाषाण असला तर काय करायचं? खालचा दगड यंत्राला अडवून धरतो, वरची माती ओसरत राहते. यंत्र पुढे न जाता नुसतं फिरत राहिलं तर वरून माती गेलेली कळतही नाही. कटर एका फेऱ्यात अर्धा वेळ मातीत आणि अर्धा वेळ दगडावर आपटतात, म्हणून वेडेवाकडे झिजतात. ते बदलायला माणसं दाबाखालच्या हवेत तोंडाशी जातात आणि परतताना पाणबुड्यांसारखी टप्प्याटप्प्याने दाब उतरवत बाहेर येतात. बोगद्याच्या उद्घाटनाच्या फोटोंत ही माणसं नसतात. मी या पुस्तकात त्यांच्या कामाला एक अख्खं प्रकरण मिळालेलं पाहून समाधानी आहे.

जमिनीत काय आहे हे आधी कळण्याचा मार्ग म्हणजे बोअर घेणं आणि दगडाचा कोअर काढून पाहणं. हाताच्या पंजाएवढ्या रुंदीचाही नसलेला तो दंडगोल, आणि दोन बोअरमध्ये किती तरी मीटर अंतर. मधल्या जागेत रेघ ओढली जाते, ती अनुभवाची असते, पुराव्याची नसते. शहरात तर हवी तिथे बोअर घेता येत नाही. कुठे इमारत, कुठे रेल्वे, कुठे मालक तयार नाही. ठाणे-बोरिवली जुळ्या बोगद्याच्या आखणीवर संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे. तिथे झाड तोडावं लागत नाही हा बोगद्याचा गुण, पण वरून भोकं घेऊन आतला दगड पाहणं अवघड होतं ही त्याची दुसरी बाजू. दहा किलोमीटरहून लांब बोगद्यात ही बाजू लहान नाही.

बोअर घेण्याच्या कामातूनच संकट उभं राहिल्याचं एक उदाहरण अमेरिकेतलं आहे. सिएटल शहरात किनाऱ्यालगतचा जुना उड्डाणपूल काढून त्याऐवजी महामार्गाचा बोगदा करायचा होता. त्यासाठी आणलेल्या यंत्राचं नाव ‘बर्था’, व्यास १७.४५ मीटर, त्या वेळी जगातलं सर्वांत मोठं. डिसेंबर २०१३ मध्ये थोडंच अंतर कापल्यावर ते थांबलं. त्याआधी काही दिवस त्याच्या वाटेत एक पोलादी नळी आली होती, आठ इंच व्यासाची. ती नळी २००२ साली भूजल तपासण्यासाठी घेतलेल्या बोअरची केसिंग होती. म्हणजे जमिनीचा अभ्यास करण्यासाठी जी नळी उतरवली, तीच जमिनीत राहून गेली. यंत्राचं तोंड दुरुस्त करायला रस्त्यावरून सुमारे ३६ मीटर खोल खड्डा घ्यावा लागला. दोन वर्षं गेली. बोगदा एप्रिल २०१७ मध्ये आरपार झाला आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये वाहतुकीला खुला झाला. यंत्र नळीमुळेच बिघडलं का, यावर न्यायालयात भांडण झालं. कंत्राटदार म्हणत होते नळीमुळे. ज्यूरीने ते मानलं नाही आणि राज्याला ५ कोटी ७० लाख डॉलरहून जास्त भरपाई दिली. मला त्या निकालापेक्षा ती केसिंग महत्त्वाची वाटते. आमच्या तालुक्यात पाणी न लागलेल्या बोअरच्या किती केसिंग जमिनीत आहेत, याची नोंद कुणाकडे असेल असं वाटत नाही.

उलट दिशेचं उदाहरण आपल्याच राज्यातलं. ठाण्यात विंधन विहीर खोदताना मुंबईला पाणी आणणाऱ्या भूमिगत बोगद्याला भोक पडलं. दुरुस्तीसाठी ३१ मार्च २०२३ पासून मुंबईत १५ टक्के पाणीकपात करावी लागली. विहीर घेणाऱ्याला खाली बोगदा आहे हे ठाऊक नव्हतं, आणि त्याला ते ठाऊक होईल अशी व्यवस्थाही नव्हती. नहरींच्या बाबतीत जे शतकांत घडलं, ते इथे त्याहून फार लवकर घडलं. शहराखाली काय आहे याचा एकच, सर्वांना खुला नकाशा असावा ही मागणी मी या प्रस्तावनेतून करतो. पुस्तकाने ती केलेली नाही, आणि माझ्या मते करायला हवी होती.

बिकट जमिनीचा विषय निघाला की कोलकात्याचं बहूबाजार टाळता येत नाही. तिथला प्रश्न दगडाचा नव्हता, गंगेच्या गाळाचा होता. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी पूर्व-पश्चिम मेट्रोचं ‘चंडी’ नावाचं यंत्र पाण्याने भरलेल्या वाळूच्या थरात शिरलं आणि पाणी व वाळू बोगद्यात येऊ लागली. वरच्या जुन्या इमारतींना तडे गेले, काही कोसळल्या, शेकडो माणसांना घरं सोडावी लागली. २०२२ मध्ये त्याच भागात पुन्हा तडे गेले. हुगळी नदीखालून या मार्गाचे बोगदे त्याआधीच सुखरूप गेले होते. नदीखाली धोका आणि वस्तीखाली सुरक्षितता हा आपला सहज समज बहूबाजारने मोडला. नदीखाली चूक झाली तर पाणी येतं आणि ते मोजता येतं. वस्तीखाली चूक झाली तर शंभर वर्षं जुन्या भिंतीला तडा जातो, आणि तिचा पाया कसा आहे हे कुणालाही माहीत नसतं.

गिरगाव आणि काळबादेवीच्या रहिवाशांना हे वेगळं सांगायला नको. मेट्रो ३ च्या ३३.५ किलोमीटरच्या भुयारी मार्गातली तिथली स्थानकं अरुंद गल्ल्यांत आणि जुन्या चाळींच्या शेजारी होती. वरून मोठा खड्डा घेण्याएवढी जागाच नव्हती. म्हणून आतून टप्प्याटप्प्याने खणत, ताबडतोब काँक्रीटचा फवारा मारत, जमिनीची हालचाल मोजत पुढे जाण्याची ऑस्ट्रियन म्हणून ओळखली जाणारी पद्धत वापरली. काही इमारती रिकाम्या कराव्या लागल्या आणि त्यातल्या कुटुंबांच्या पुनर्वसनाचा विषय वर्षानुवर्षं चालला. या पद्धतीचा पाया मोजमापात आहे. भिंतींवर बसवलेली तडामापकं, इमारतींच्या कोपऱ्यांवरचे प्रिझम, जमिनीत सोडलेले पाण्याचे मापक यांचे आकडे रोज वाचायचे, आणि आकडा ठरलेल्या मर्यादेच्या वर गेला तर काम थांबवायचं. आकडे वाचणं सोपं आहे. कामाचा दबाव असताना थांबवणं सोपं नसतं, आणि ज्याच्या हाती तो अधिकार आहे त्याचं नाव कंत्राटात लिहिलेलं असलं पाहिजे.

कंत्राटाचा उल्लेख निघाला म्हणून थोडं त्याबद्दल. जमीन अपेक्षेपेक्षा वाईट निघाली तर पैसे कुणाचे? आपल्याकडे बराच काळ याचं उत्तर कंत्राटदाराचे असंच दिलं गेलं. दिसायला ते सरकारी तिजोरीच्या हिताचं आहे. प्रत्यक्षात कंत्राटदार एकतर ती भीती आधीच दरात चढवतो, किंवा दर कमी लावून काम घेतो आणि पहिल्या खराब पट्ट्याला वाद सुरू करतो. जगभर आता वेगळी वाट धरली जाते. निविदेबरोबरच जमीन अशी-अशी आहे असं गृहीत धरणारा अहवाल जोडायचा. जमीन त्याहून वाईट निघाली तर भार मालकाचा, त्यातच बसली तर कंत्राटदाराचा. भूमिगत कामांसाठी याच तत्त्वावरचा ‘एमराल्ड बुक’ हा आंतरराष्ट्रीय कंत्राट-नमुना २०१९ मध्ये आला. मला ही वाट पटते, एका अटीवर. तो अहवाल प्रामाणिक असला पाहिजे. बोअरवर पैसे वाचवून केलेला अहवाल हा वादाची पहिली पायरी असतो.

बोगदा आरपार झाला की वर्तमानपत्रांत त्याची कथा संपते. पाण्याची तेव्हा सुरू होते. किनारी रस्त्याची एक बाजू मार्च २०२४ मध्ये खुली झाली. मे महिन्याच्या अखेरीस बोगद्याच्या सांध्यांतून पाणी झिरपताना दिसलं. तेव्हाचे मुख्यमंत्री पाहणीला गेले, सांध्यांत पॉलिमर ग्राउटिंग झालं. मला त्यात नवल वाटलं नाही. समुद्रापाशी आणि पाण्याच्या पातळीखाली असलेल्या सांध्यातून पाणी वाट काढणारच. ती कुठून काढते यावर सतत लक्ष ठेवण्याची सोय आणि पैसा आहे का, एवढाच प्रश्न असतो. मे २०२५ मध्ये मेट्रो ३ च्या आचार्य अत्रे चौक स्थानकात पाणी शिरलं, ते तर दगडातून नव्हे, बांधकाम सुरू असलेल्या प्रवेशद्वाराकडून, रस्त्यावरून आलं. पाण्याइतकीच काळजी हवेची. ती खेळती ठेवण्यासाठी किनारी रस्त्याच्या बोगद्यात वापरलेली साकार्डो पद्धत भारतातल्या रस्त्याच्या बोगद्यात नवी होती. तोंडाशी मोठ्या झोताने हवा आत ढकलायची आणि आगीच्या वेळी धूर एकाच दिशेने न्यायचा. दोन नळ्यांना जोडणाऱ्या आडव्या वाटा ठरावीक अंतरावर आहेत, त्या याच प्रसंगासाठी.

एक नाराजीही नोंदवतो. किनारी रस्त्यावर दुचाकीला आणि रिक्षाला बंदी आहे. बोगद्याच्या सुरक्षिततेच्या नजरेतून कारणं समजतात. पण हजारो कोटींचा रस्ता कुणासाठी होतो हा प्रश्न त्याने मिटत नाही. देवगावातून मुंबईला जाणारा माणूस एसटीने किंवा रेल्वेने जातो. त्याला शहराच्या पोटातून नेणारी वाट म्हणून मला मेट्रोचा बोगदा महामार्गाच्या बोगद्याहून जवळचा वाटतो. पुस्तकातल्या सर्वच मतांशी मी सहमत नाही. महामार्ग जमिनीखाली नेला की वरचं शहर मोकळं होतं, असं एका प्रकरणात म्हटलं आहे. सिएटलमध्ये तसं झालं, कारण तिथे वरचा पूल पाडला. मुंबईत ऑरेंज गेट ते मरीन ड्राइव्ह बोगद्याचं काम सुरू झालं आहे. तो पूर्ण झाल्यावर वरचे रस्ते खरोखर मोकळे झाले का, हे पाहूनच त्या प्रकरणाची दुसरी आवृत्ती लिहावी.

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना पुस्तक पहिल्या पानापासून वाचायला हरकत नाही. इतरांनी, विशेषतः बोगद्याच्या बाजूने किंवा विरोधात निवेदनं लिहिणाऱ्यांनी, दाबाची गणितं असलेलं प्रकरण वगळलं तरी चालेल. बोअरच्या नोंदींचं परिशिष्ट मात्र वगळू नये. त्यात प्रत्येक बोअरची खोली, दगडाचं नाव आणि किती टक्के कोअर हाती आला ते लिहिलं आहे. सलग कातळात शंभराच्या जवळ आकडे दिसतील. मग अचानक एखाद्या दीड मीटरला वीस, कुठे दहा, कुठे शून्य. कोअर आला नाही म्हणजे तिथे काही नव्हतं असं नाही. तिथला थर इतका मऊ किंवा फुटका होता की बोअरच्या पाण्याने तो धुऊन नेला. ज्या ओळींत लिहिण्यासारखं काही मिळालं नाही, त्या ओळींखाली पेन्सिलने रेघ मारत जावी, आणि शेजारच्या बोअरमध्ये त्याच खोलीला काय आहे ते ताडून पाहावं.

देवगाव रंगारी, ता. कन्नड